नव्वद किलोमीटर धावल्याने हृदय झिजते का? – 'हौसेची झीज' या लेखाला उत्तर

घाटवाट: दक्षिण आफ्रिकेतील डर्बन ते पीटरमारिट्झबर्ग हे सुमारे ९० किलोमीटरचे अंतर बारा तासांत कापण्यासाठी कॉम्रेड्स या शर्यतीला जाणारी मराठी मंडळी 'पैसे मोजून हृदय झिजवून घेतात', असे येथील एका सदस्यांनी परवा लिहिले आणि पुरावा म्हणून मॅरेथॉनहून अथेन्सला धावत येऊन, विजयाची बातमी सांगून कोसळलेल्या ग्रीक दूताची कथा दिली. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिलेला दूत अथेन्सहून स्पार्टाला धावत गेला. त्याच्या मृत्यूचा तेथे उल्लेखही नाही, ती भर कित्येक शतकांनंतरची आहे. दंतकथेऐवजी आकडे पाहावेत. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख स्पर्धकांपैकी ५९ जणांचे हृदय धावताना किंवा शर्यत संपताच बंद पडले आणि त्यांतले ४२ जण दगावले. रोज लोकलच्या दारात लटकणाऱ्यांनी आम्हाला जिवाची काळजी शिकवू नये.

जुना स्टेथो: आकडे बरोबर आहेत, पण ते ४२ किलोमीटरवर थांबतात आणि आपण बोलत आहात ९० किलोमीटरविषयी. शिवाय शर्यतीत मृत्यू न येणे म्हणजे हृदयाला काहीच न होणे नव्हे. अनेक तासांच्या श्रमांत फुप्फुसांकडील रक्तदाब वाढतो आणि त्याचा ताण हृदयाच्या पातळ भिंतीच्या उजव्या कप्प्यावर अधिक पडतो. तो फुगतो, त्याचे आकुंचन मंदावते आणि रक्तातील ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण असलेले प्रथिन, तेही वाढते. बहुतेकांचे हे सारे काही दिवसांत पूर्ववत होते, हे मला मान्य आहे. प्रश्न आहे तो हेच दहा-पंधरा वर्षे केल्यावर काय होते याचा. स्वीडनमधील वासालोपेट ही बर्फावरची स्कीइंगची शर्यत नेमकी ९० किलोमीटरची आहे. तिच्या ५२ हजारांहून अधिक स्पर्धकांच्या पाहणीत, ज्यांनी जास्त शर्यती केल्या आणि जे वेगाने पोहोचले, त्यांच्यात ठोक्यांची अनियमितता अधिक आढळली.

घाटवाट: त्याच शर्यतीच्या स्पर्धकांचे मृत्युप्रमाण सर्वसाधारण स्वीडिश जनतेच्या निम्म्याच्या आसपास निघाले होते, हे आपण सोयीस्करपणे गाळले आहे, डॉक्टरसाहेब.

तिसऱ्या मजल्यावरची: आपणा दोघांच्या वादात एका घरची गोष्ट सांगते. माझे यजमान चाळिशीत मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. धावू लागल्यावर साखर आटोक्यात आली, आणि यवतेश्वरच्या घाटात मी स्वतः त्यांना टाळ्या वाजवल्या. अकरा वर्षांनी, पहाटे तीन वाजता, त्यांच्या छातीत पिशवीत कोंडलेल्या कबुतरासारखी फडफड सुरू झाली. निदान झाले एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होण्याचे. डॉक्टरांनी धावणे बंद केले नाही, फक्त कमी करायला सांगितले. तेव्हापासून घरात बोलण्यापेक्षा अबोलाच जास्त असतो. धावण्याने त्यांना वाचवले की बिघडवले, हे मला विचारू नका. मला दोन्ही खरे वाटते.

बिब क्रमांक शून्य: ताई, मन हेलावले. पण मूळ दुखण्यावर कोणीच बोट ठेवलेले नाही आणि ते म्हणजे शर्यतीसाठीचा वैद्यकीय दाखला. मी तो स्टेशनजवळच्या एका दवाखान्यातून दोनशे रुपयांत आणला. डॉक्टरांनी माझ्याकडे मान वर करूनही पाहिले नाही. इटलीत १९८२ पासून स्पर्धक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे आणि त्यानंतर तेथील व्हेनेतो प्रांतात तरुण खेळाडूंचे आकस्मिक मृत्यू जवळजवळ नव्वद टक्क्यांनी घटले. आपल्याकडे मात्र शिक्का मारला की हृदय सुदृढ!

घाटवाट: इस्रायलनेही १९९७ मध्ये अशीच सक्ती केली आणि तेथे मृत्यू घटल्याचे दिसले नाही. तपासण्या वाढल्या की कोणाचे दुकान चालते, हे उघड आहे.

जुना स्टेथो: 'दुकान' हा शब्द मागे घ्यावा. मी तीस वर्षांत धावपटूकडून दाखल्याचे पैसे घेतलेले नाहीत. उलट दोघांना दाखला नाकारला, तर ते दुसऱ्या दिवशी अन्य कोणाकडून तो घेऊन आले. इटलीचा लाभ १२ ते ३५ वयोगटातला आहे, कारण त्या वयात मुख्यतः जन्मजात दोष जीव घेतात आणि त्यांतले काही ईसीजीत दिसतात. पंचेचाळिशीच्या धावपटूचा शत्रू म्हणजे धमनीतला अडथळा, आणि तो असतानाही स्वस्थ पडून काढलेला ईसीजी निर्दोष येऊ शकतो. दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी, त्रेपन्नच्या सुमारास येतो. जिम फिक्सने अमेरिकेला जॉगिंग शिकवले आणि तो १९८४ मध्ये धावतानाच, ५२ व्या वर्षी गेला. त्याच्या वडिलांना ३५ व्या वर्षीच झटका आला होता. धावल्याने घराण्याचा इतिहास पुसला जात नाही.

बिब क्रमांक शून्य: म्हणजे माझे दोनशे रुपये वाया गेले, आणि हजार दिले असते तरी वाया गेले असते, असेच ना? दाखलाच रद्द करा. निदान खोटा दिलासा तरी मिळणार नाही.

जुना स्टेथो: दाखला रद्द करू नका, त्यातले प्रश्न बदला. वडिलांना काय झाले होते, चढावर छाती भरून येते का, कधी शुद्ध हरपली होती का, एवढे विचारायला पाच मिनिटे पुरतात. उत्तर संशयास्पद असेल तरच ट्रेडमिल चाचणी किंवा एको (हृदयाची सोनोग्राफी) करावा.

घाटवाट: 'दुकान' मागे घेतो, ते घाईत लिहिले गेले. माझे वडील ४९ व्या वर्षी गेले, हे मी आजवर कोणत्याही अर्जात लिहिलेले नाही, कारण ते कोणी विचारलेच नाही. या महिन्यात चाचणी करून घेईन, पण ती 'हौसेची झीज'वाल्यांच्या सांगण्यावरून नव्हे, हे नमूद करतो.

हौसेची झीज (मूळ लेखक): कोणाच्या का सांगण्यावरून असेना, निकाल येथे कळवावा. तो निर्दोष आला तर माझा ग्रीक दूत मी परत घेतो.

तिसऱ्या मजल्यावरची: आणि सदोष आला तर घरी आधी सांगा. आमच्याकडे मला ते सर्वांत शेवटी कळले होते.