मदत हवी आहे: आवा ओदोरीचे रात्रीचे फोटो कसे काढायचे?

जपानमधे शिकोकू बेटावर तोकुशिमाला आवा ओदोरी हा रस्त्यावरच्या नाचाचा उत्सव बघायला चाललोय, १२ ते १५ ऑगस्ट असतं पण मला एकच संध्याकाळ मिळणारे, त्यामुळे तिथे जाऊन प्रयोग करत बसायला वेळ नाही.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा आहे, १८-१३५ची किट लेन्स आणि ३५ एमएम एफ १.८, नवीन काही घेणार नाहीये. ट्रायपॉड नेत नाही, एवढ्या गर्दीत तो लोकांच्या पायात येणार.

एका रात्रीच्या मिरवणुकीत सराव करून बघितला. १/६० शटर स्पीडला चेहरे बरे आले पण हात पार पुसले गेले, १/५००ला हात थांबले तर आयएसओ १२८००वर गेला आणि सगळे रंग मेले. आणि या नाचात तर हातातच सगळं आहे, बायका हात डोक्याच्या वर धरून गेताच्या (लाकडी चपलांच्या) टोकावर चालतात, ते बोटांचं वळण आलं नाही तर फोटोला अर्थच नाही माझ्या मते. वर त्यांची ती दुमडलेली टोपी कपाळावर इतकी खाली असते की चेहरा सावलीत जाणार, फोकस टोपीवरच अडकेल अशी भीती वाटतेय. फ्लॅश मारायचा नाहीये, नाचणाऱ्यांच्या डोळ्यांवर येतो.

प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा, बोटं नीट दिसतील असा कमीत कमी शटर स्पीड किती ठेवलात, आणि ३५ घेऊन तिकिटाच्या स्टँडमधे बसू की फुकटच्या जागेत पुढे खाली बसायला मिळतं?