आईबाबांची औषधे, १५ नंबर आणि फ्रेंच क्रियापदे

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझे आईबाबा पुढच्या महिन्यात कोथरूडहून ल्योंला आमच्याकडे राहायला येत आहेत. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या आणि इकोस्प्रिन चालू आहे, आईला मधुमेह आहे. आम्ही दोघे कामावर असताना त्यांच्यापैकी कोणाला एकाएकी त्रास झाला, तर काय करावे? आई पुण्यात फ्रेंच शिकते आहे आणि सध्या ‘एर’ने संपणारी क्रियापदे पाठ करते आहे. त्यांचा अशा वेळी काही उपयोग होईल का?

* * *

स. न. वि. वि.

मी पूर्वी आपल्या मंडळाचा सभासद होतो आणि आता सदाशिव पेठेत औषधांचे दुकान चालवतो, त्यामुळे आपल्या काळजीचे कारण मला चांगले कळते.

गोळ्यांची यादी करताना केवळ कंपनीचे नाव लिहू नये. ‘इकोस्प्रिन ७५’वरून तिथल्या फार्मासिस्टला बोध होईलच असे नाही, ‘अ‍ॅस्पिरिन, ७५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा’ असे लिहिलेले त्याला लगेच कळेल. मला खरी धास्ती वाटते ती पॅरासिटामॉलची. पुण्याहून नेलेली डोलो आणि तिथे मिळणारी डोलिप्रान या दोन्हींत तेच औषध असते, सर्दीच्या अनेक गोळ्यांतही असते, आणि घरोघरी असणाऱ्या कॉम्बिफ्लाममध्ये त्याच्या जोडीला आयबुप्रोफेनही असते, जे अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या बाबांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये, कारण त्याने पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. निरोगी प्रौढासाठीही पॅरासिटामॉलची मर्यादा २४ तासांत ४ ग्रॅम आहे; वयस्करांना डॉक्टर बहुधा त्याहून कमी सांगतात. मात्रा जास्त झाली, तरी पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसू शकतो आणि यकृताला झालेली इजा नंतर उघड होते, म्हणून त्रास सुरू होण्याची वाट न पाहता लगेच फोन करावा.

आपल्याकडे जसा १०८, तसा फ्रान्समध्ये १५. ११२ हा क्रमांकही चालतो. आईंनी सर्वप्रथम पत्ता, मजला आणि इमारतीच्या दाराचा कोड सांगावा, म्हणजे फोन मध्येच तुटला तरी मदत दारापर्यंत पोहोचेल. हा मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवून ठेवावा.

क्रियापदांचा उपयोग नक्की होईल. ‘मी, तू, तो, ते’ या चारही रूपांचा उच्चार या क्रियापदांत बहुधा एकच असतो, त्यामुळे घाबरलेल्या माणसाचीही त्यात फारशी चूक होत नाही. ‘इल न रेस्पीर पा’ म्हणजे ते श्वास घेत नाहीत, ‘इल सेन्य’ म्हणजे त्यांना रक्तस्राव होतो आहे, ‘इल त्रांब्ल’ म्हणजे ते थरथरत आहेत. ‘पार्ले लांतमां, सिल व्हू प्ले’, म्हणजे कृपया सावकाश बोला, हेही आईंकडून घोकून घ्यावे.

आईंची साखर उतरली आणि त्या शुद्धीवर असतील, तर साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. कोणाचे तोंड वाकडे झाले, हात उचलेना किंवा बोलणे अडखळू लागले, तर १५ ला फोन करावा आणि त्रास कधी सुरू झाला ती वेळ कागदावर लिहून ठेवावी, कारण मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि डॉक्टर ती वेळ हमखास विचारतात.