प्रतिसाद: ख्रिस्ती शिक्षिका आणि मराठी

'जुन्या ख्रिस्ती शिक्षिका म्हणजे इंग्रजी शाळा आणि पियानो' असं वर कोणीतरी लिहिलंय. शहरापुरतं असेलही, पण नगरकडे ते लागू होत नाही. अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरार १८२७ साली मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, त्या मराठीतूनच. माझी आजी त्याच परंपरेतली. आयुष्यभर मराठी चौथी शिकवली आणि नव्वदी पार करून गेली. पहाटे उठून 'उपासना संगीत' हे ख्रिस्ती भजनांचं पुस्तक उघडायची, पण ना. वा. टिळकांची भजनं तिला पाठच होती. पुस्तक नुसतं मांडीवर.

घरावर वचक मात्र जबरदस्त. आम्ही नातवंडांनी सुट्टीत पाठवलेली पत्रं लाल शाईने तपासून, ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत यायची, वर गुण! खुशाली दोन ओळीत. (मला एकदा दहापैकी चार.) तिच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं सगळं तारीखवार आहे, आणि शेवटच्या पानावर शाळा मध्येच सुटलेल्या मुलींची नावं. त्यांच्यासाठी ती रोज प्रार्थना करायची. त्यातली बरीच नावं ख्रिस्ती नव्हती.