कार्निव्होरा, क्रव्याद आणि मोहाखालचं अस्वल

महालकर: काल इथे एका भाऊनं लिहिलं, "कार्निव्होरा हा शब्द आपल्या क्रव्यादवरून चोरला. अन् अस्वल तर मोहफुलं खातं, मग ते मांसभक्षी कसं?" चहा थंड झाला वाचता वाचता. कार्निव्होरा म्हणजे वाघ, कुत्रा, अस्वल ज्यात येतात तो प्राण्यांचा गण; क्रव्याद म्हणजे संस्कृतात मांस खाणारा. लॅटिनात कारो म्हणजे मांस, षष्ठीत कार्निस. व्होरारे म्हणजे हावरटासारखं गिळणं. गणाला हे नाव दिलं बाउडिचनं, १८२१ मध्ये. क्रव्यादमधल्या क्रव्याचं नातं लॅटिन क्रुओरशी, म्हणजे सांडलेल्या रक्ताशी. कारोशी नाही.

क्रव्याद_समर्थक: म्हणजे नातं आहे! कबूल केलंत.

महालकर: चुलत्याच्या मेहुण्याचं आहे. त्याला चोरी म्हणत नाहीत. उलट व्होरारे आणि आपलं गिळणं एकाच जुन्या धातूचे, ते तुम्हाला दिसलंच नाही.

सावजीप्रेमी: आमचे भाऊजी दर रविवारी एकटे अर्धा किलो मटण रिचवतात. त्यांचा गण कोणता?

महालकर: माकडांचाच. ताट नाही, दाढा अन् वंश पाहतात. वरची शेवटची उपदाढ अन् खालची पहिली दाढ कातरीच्या पात्यांसारखी, ही या वंशाची खूण. अस्वलाच्या पिढ्यानपिढ्या बदलत चपट्या झाल्या, वंश तोच राहिला. पांडा बांबू चघळतो, तरी गणात. मगर मांस फाडते, तरी बाहेर.

जुना_विद्यार्थी: अन् आम्ही परीक्षेत मांसाहारीत मगर लिहिली तर बाईंनी काट मारली! मगर मांस खात नाही म्हणे? तीस वर्षं झाली, अजून डोक्यात जाते.

भंडाऱ्याची_पोर: तुमच्या मार्कांचं राहू द्या. अस्वलाला मोहखाऊ म्हणून गरीब समजू नका. माझे मोठे बाबा पहाटे मोह वेचायला गेले, झाडाखाली ते आधीच बसलेलं. गालावरची खूण शेवटपर्यंत होती. म्हणायचे, वाघ परवडला.

सावजीप्रेमी: झिंगलेलं असणार. मोह पिऊन.

भंडाऱ्याची_पोर: ताजी फुलं असतात बे, दारू नाही! हसू नका. त्याचे वरचे मधले दोन दात नसतातच, त्या फटीतून उधई ओढतं. पण नखं पाहिलीत कधी?

सावजीप्रेमी: गंमत केली, एवढं काहून चिडता?

भंडाऱ्याची_पोर: तुमच्या घरचा गाल नव्हता म्हणून.

क्रव्याद_समर्थक: बरं, 'चोरला' मागे घेतो. महालकरांची विद्वत्ता धन्य. पण नाव चुकलंच. अस्वलाला विचारून ठेवलं होतं का?

भंडाऱ्याची_पोर: तुम्हीच विचारून या. एप्रिलात, पहाटे, मोहाखाली.