आयटीआयला जाणारं पोर कमी हुशार, हे कोणी ठरवलं?

अंबडचा टर्नर
दहावीचा निकाल लागला की आपल्या नाशकात कॉलेज रोडभर क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात. त्याच वर्षी सातपूरच्या आयटीआयला गेलेल्या पोराच्या आईला मात्र नातेवाईक विचारतात, "मार्क कमी पडले का हो?" जर्मनीत मुलं दोन ते साडेतीन वर्षं थोडे दिवस कारखान्यात, थोडे दिवस शाळेत शिकतात आणि कंपनी विद्यावेतन देते. पुढे माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन उस्ताद, झालेला कारागीर तिथल्या पात्रता-चौकटीत ६ व्या पातळीवर धरतात, पदवीधराच्या बरोबरीने. आपल्याकडे हाताला मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा, फरक कळणारा माणूस जन्मभर 'फक्त दहावी'. आपण मान देतो तो कागदाला.

गंगापूर रोडचे काका
कोरिया बघा. विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असताना विमानांची उड्डाणं थांबवतात! युद्धात बेचिराख झालेला देश अशाच अभ्यासावर उभा राहिला. पोरांनी घासायलाच हवं.

अंबडचा टर्नर
काका, त्याच सोलमध्ये रात्री १० नंतर शिकवण्या चालवायला बंदी घालावी लागली, तेही सांगा.

निफाडची लेक
दादा, कारागिराला मान हवाच. पण कागदाला हिणवू नका. माझी आजी द्राक्षबागेत रोजंदारीवर जायची. आई लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून बीए झाली, म्हणून अंगणवाडीची पर्यवेक्षिका होऊ शकली. याच नाशकात १९३० साली काळाराम मंदिरात नुसतं पाऊल ठेवायला सत्याग्रह करावा लागला होता. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर येऊ दिलं नाही, त्यांना आता "पदवीत काय आहे" म्हणायचं? आणि जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच, दहाव्या वर्षी, कोण कुठल्या शाळेत जाणार ते ठरतं. ती चाळणी इथे लावली तर खाली कोणाची पोरं पडतील, हे मला नीट माहीत आहे.

अंबडचा टर्नर
ताई, चौथीतली चाळणी मलाही नको. पण आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे किती पालकांना ठाऊक आहे? रस्ता तिथे संपत नाही, एवढंच म्हणतोय.

निफाडची लेक
माझा भाऊ आयटीआय झालेला वेल्डर आहे. ठेकेदाराकडे आहे, मध्ये मध्ये ब्रेक देऊन कामावरून बसवतात. जर्मनीत शिकाऊ पोराचा विद्यावेतनासकट लेखी करार असतो. तुमच्या वर्कशॉपमधले वेल्डर कायम आहेत का, दादा?