आजोबांच्या नावाने सैनिकांसाठी चालायचंय, निधी कुठे द्यायचा?

आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, मामा सिग्नल्समध्ये. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनी साताऱ्याहून अपशिंगे मिलिटरी या गावापर्यंत चालत जायचं मनात आहे, नातेवाईकांकडून पैसे गोळा करून, पण ते द्यायचे कुणाकडे?

रानवारा: ध्वजदिन निधीलाच द्या, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पावती घ्या, वीरपत्नींना, माजी सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाला मदत होते त्यातून आणि देणगीवर आयकरात सूट पण आहे.

कृष्णाकाठ: 'भारत के वीर' हा निधी वेगळा हं, तो सीआरपीएफ, बीएसएफ वगैरे निमलष्करी दलांसाठी. अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे, तिथे नक्की थांबा, आजोबांचं नाव घ्या. माझे वडीलही फौजेतले, मीपण येतो, चालेल ना?