बिबट्यावरच्या संशोधनानं आम्हा ऊसवाल्यांना काय दिलं?

बांधावरचा

घोडनदीच्या पट्ट्यात चार एकर ऊस आहे माझा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या भागात बिबट्याचा जेवढा अभ्यास झाला, तेवढं लक्ष कुणी आमच्या बाजारभावाकडे दिलं असतं तर गाव सुधारलं असतं. गळ्यात माग काढणारे पट्टे घातले, झाडांना कॅमेरे बांधले, विष्ठेतले केस तपासले. सगळं झालं. आणि २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन जीव गेले. दोन लेकरं, एक म्हातारी. लोक पुणे-नाशिक हायवेवर बसले तेव्हा कुठे नेमबाज आले.

अभ्यास पुरे झाला. धरा, लांब नेऊन सोडा, नसबंदी करा, काहीही करा, पण संख्या कमी करा. आणि ‘सहजीवन’ हा शब्द ज्याला सुचला त्यानं रात्री दोनला लाईट आल्यावर आमच्याबरोबर मोटर चालू करायला यावं. बॅटरी मी धरतो.

पायवाट

बांधावरचे दादा, राग पटतो. पण ‘लांब नेऊन सोडा’ हा प्रयोग तुमच्याच भागात झालाय, आणि तो फसला हे आपल्याला कळलं तेही अभ्यासामुळेच. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली जुन्नरचे आकडे छापले. आधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत. २००१ पासून २९ बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले, आणि हल्ले वर्षाला सतरावर गेले. त्यातले जीवघेणे १८ टक्के होते, ते ३६ टक्के झाले. वाढलेले हल्ले जिथे जनावरं सोडली त्या जागांच्या आसपास गोळा झालेले दिसले.

अनोळखी मुलखात टाकलेलं, पिंजऱ्यात धडपडून दात-नखं दुखावलेलं जनावर तिथे गप्प बसत नाही. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या माळशेजला सोडला होता. महिनाभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत तो मुंबईच्या जंगलाजवळ पोहोचला. पट्टा होता म्हणून कळलं. पट्टा नसता तर आपण म्हणालो असतो, गेला एकदाचा.

बांधावरचा

चाराचे सतरा झाले, मान्य. मग माझ्याकडचा उचलून दुसऱ्याच्या दारात टाकू नका, एवढंच त्यातून सिद्ध होतं. माझ्याकडचा ठेवा, हे कुठे सिद्ध झालं? माणिकडोहच्या निवारा केंद्रात न्या आणि कायमचा आत ठेवा.

शून्यलव

किती आत ठेवणार, हिशोब करा. २०१३ साली अकोल्याचा (नगरचा, विदर्भवाल्यांनी दचकू नये) अभ्यास आला. १०० चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास मोठे बिबटे, तेवढेच तरस. माणसं चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर. जवळ जंगल नाही, हरणं नाहीत. म्हणजे हे वाट चुकून गावात आलेले बिबटे नव्हेत. ते तिथलेच रहिवासी आहेत, उसात जन्मलेले. एक काढला की मोकळ्या जागेवर बाजूचा तरणा नर येतो. पिंजरा लावल्यावर गावाला शांत झोप लागते हे खरं, पण आत गेलेला हल्ला करणाराच होता हे ठशावरून छातीठोक कोण सांगणार?

माहेरवाशीण

सासर पुण्यात, माहेर नारायणगावकडे. दोन्हीकडचं बोलते.

लहानपणी आमच्याकडे कोल्हा दिसला तरी कौतुक असायचं. कुकडीचं पाणी आलं, ऊस वाढला, बिबट्याला आडोसा मिळाला. आता भाऊ दिवेलागणीनंतर पोरांना अंगणात सोडत नाही. वहिनी गवत कापायला वाकते तेव्हा नणंद पाठीशी उभी राहते, कारण वाकलेला माणूस बिबट्याला बुटकं जनावर वाटतो असं वनरक्षकांनी सांगितलंय. एकीच्या कामाला दोघी अडकतात, हा खर्च कुठल्या अहवालात धरलाय?

शून्यलव, तुमचे आकडे बरोबर असतीलही. पण ‘तिथलेच रहिवासी’ हे ऐकताना आमच्या अंगावर काटा येतो. रहिवासी आम्हीही आहोत.

पायवाट

ताई, तो खर्च कुठेच धरलेला नाही, आणि हा आमच्या बाजूचा खरा दोष आहे. मरण पावलेल्याच्या घराला २५ लाख मिळतात, शेळी गेली तर पंचनामा होतो. भीतीचा पंचनामा नसतो.

पण अकोल्याच्याच अभ्यासातली एक गोष्ट कामाची आहे. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबानं कुत्री ३९ टक्के निघाली आणि शेळ्या ११ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या! कुत्रं रात्री मोकळं फिरतं, शेळी सहसा कोंडलेली असते. म्हणजे बंद गोठा काम करतो.

अण्णा_नगरकर

बंद गोठा शेळीचा. माणसाचा गोठा कुठंय? ऊसतोडीच्या टोळ्या पाचटाच्या कोपीत झोपतात, लेकरं फडाच्या कडेला झोळीत. त्यांच्याविषयी या धाग्यात अजून कुणी चकार शब्द काढला नाही.

गिधाडमित्र

थोडं विषयांतर, पण मूळ प्रश्न ‘संशोधनानं काय दिलं’ असा आहे म्हणून. पांढऱ्या पाठीची गिधाडं आपल्या देशात १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. का, ते कुणालाच कळेना. २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण सापडलं: गुरांना टोचायचं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. मेलेल्या गुरातून ते गिधाडाच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ साली भारतात गुरांसाठी त्यावर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅम हा पर्याय पुढे आला. अभ्यास झाला नसता तर आपण अजून मोबाइल टॉवरला शिव्या देत बसलो असतो.

आणि गिधाडं गेली, तशी मोकाट कुत्री वाढली. कुत्र्यावर बिबट्या पोसला. आता साखळी जोडा.

शून्यलव

गिधाडं आणि कुत्री इथपर्यंत आधार आहे. कुत्र्यावरून जुन्नरच्या बिबट्यापर्यंतची उडी तुमची स्वतःची. सुचायला छान आहे, पण मोजलंय कुणी? उसाखालचं क्षेत्र आणि पाणी हे जास्त सरळ कारण वाटतं.

बांधावरचा

गिधाडमित्र, तुमच्या उदाहरणानं माझंच काम केलं. कारण २००४ ला सापडलं, बंदी २००६ ला. दोन वर्षं! आमचा पेपर २०११ चा, आणि आजही हल्ला झाला की पहिला उपाय कोणता? पिंजरा आणि आत शेळी. गिधाडाला मत नसूनही त्याचं काम दोन वर्षांत झालं.

पायवाट

चिमटा बसला. पण यात चूक अभ्यासाची, की तो वाचून बाजूला ठेवणाऱ्यांची? गिधाडात एक औषध बंद करायचं होतं. इथे रात्रीची लाईट, उघड्यावरचा कचरा, कुत्री, गोठे, ऊस, पाच खाती. वनखात्याच्या हातात फक्त पिंजरा आहे, म्हणून तोच दिसतो.

बांधावरचा

आणि नसबंदी? जुन्नर भागात काही माद्यांवर प्रायोगिक करणार म्हणून बातम्या आल्या. ती तरी करू द्याल का?

शून्यलव

करा, माझा विरोध नाही. फक्त नसबंदी झालेली मादी शाकाहारी होत नाही. हल्ला आज करणारं जनावर उद्याही तिथेच असणार. संख्येवर फरक पडायला बहुतेक माद्या धराव्या लागतील आणि कित्येक वर्षं थांबावं लागेल. माणसावर उलटलेल्या जनावराला मारायची सोय १९७२ च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये आधीपासून आहे. तो निर्णय वेळेत व्हावा, यावर आपलं एकमत व्हायला हरकत नसावी.

माहेरवाशीण

मला विचाराल तर सगळ्यात आधी दिवसाची थ्री-फेज. भावाच्या फीडरवर सोलरची लाईट दिवसा यायला लागली त्या हिवाळ्यात तो रात्री शेतात गेलाच नाही. बिबटे तेवढेच होते.

बांधावरचा

ताई, हे मात्र पटलं. आमचा फीडर अजून यादीत नाही, अर्ज करून ठेवलाय.

पायवाट, बिबट्या इथेच राहणार हे मी मान्य केलेलं नाही, लिहून ठेवा. पण तुमचं ते शेळीचं ११ टक्के डोक्यात राहिलं. माझा गोठा तीन बाजूंनी बंद आहे, वरून उघडा. वर जाळी टाकायची तर कुंपणाची साधी चालेल का वेल्डमेश लागेल? पत्र्याच्या फटीतून पंजा आत येतो म्हणे.

पायवाट

वेल्डमेशच घ्या, साधी जाळी वाकते. पत्रा आणि भिंत यांच्यातली फटही त्यानंच बंद करा. आणि दाराची कडी बाहेरून घट्ट लागू द्या. मी पाहिलेल्या दोन गोठ्यांत तो दारातूनच आत गेला होता.